माउंटखालच्या ओळी

कंधारात कुणी निवृत्त झालं, निवडून आलं किंवा नुसतंच परगावी मोठं होऊन परत आलं, की त्याला शाल, नारळ आणि रामकिशनचं सन्मानपत्र मिळतं. शाल पुढे कुणा दुसऱ्याच्या सत्काराला जाते. नारळाची चटणी होते. सन्मानपत्र मात्र भिंतीवर राहतं आणि येणारा-जाणारा चहा येईपर्यंत ते वाचत बसतो. म्हणून रामकिशननं एक नेम केला होता, की सन्मानपत्रात खोटं लिहायचं नाही.

हा नेम पाळणं किती जिकिरीचं आहे, ते ज्यानं एखाद्या सत्कारमूर्तीला रोज जवळून पाहिलंय त्यालाच कळेल. रामकिशन एका शाळेत वरिष्ठ लिपिक. बावीस वर्षं त्यानं दाखल्यांवर शब्द तोलून तोलून लिहिले होते, तो हात इथं कामाला यायचा. रस्त्यांचे एक साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यानं लिहिलं, ‘आपण बांधलेले रस्ते आजही आमच्या आठवणीत आहेत.’ एका मुख्याध्यापकांना लिहिलं, ‘आपल्या काळात वर्गावर्गातून शांतता नांदत होती.’ एका पुढाऱ्याला तर, ‘आपली आश्वासने पिढ्यान्‌पिढ्या टिकतील.’ साहेब, मुख्याध्यापक, पुढारी तिघंही खूश झाले, तिघांनीही ते बैठकीत लावलं, आणि गावातली माणसं मुद्दाम त्यांच्याकडे चहाला जाऊ लागली.

ही कला त्याला मायकडून आलेली. त्याची माय रागावली की बोलायची नाही. सूप घेऊन ओट्यावर पाखडायला बसायची आणि ओवी म्हणायची. ती ओवी कुणाला होती हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

सोळा वर्षांपूर्वी सत्यम हाळीकर नावाचा एक काटकुळा पोरगेला माणूस उदगीरकडून एक कॅमेरा आणि चार सोबती घेऊन त्यांच्या गल्लीत आला. त्याला गल्लीतल्या हौदावर पिक्चर काढायचं होतं. पिक्चरवाल्यांनी सकाळी सकाळी काय केलं, तर मायची कुरडयांची बाज उचलून सावलीत ठेवली. मायनं पाहिलं, सूप घेतलं आणि सुरू केलं:

*हौदाच्या काठावरी चिमणी पाणी पिती,*
*पिऊन झाल्यावरी थोडं मागं ठेविती.*

बाकीचे चौघं मान डोलवत उभे राहिले. सत्यमनं मात्र खाली मान घातली, बाज उचलून उन्हात नेली, एकेक कुरडई सरळ केली, आणि मग येऊन म्हणाला, “माय, आता हे पुन्हा म्हणता का? रागात न्हाई, साधं.”

‘हौदावरची चिमणी’ या पिक्चरमध्ये मायचा आवाज सव्वीस सेकंद आहे. रिकाम्या हौदावर ऊन पडलेलं, कुणी दिसत नाही, नुसता आवाज. मायनं तो ऐकला आणि रामकिशनला म्हणाली, “माझा आवाज असा हाय व्हय? मग इतके दिस सांगितलं का न्हाई?” त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. घरात तिचा एक फोटो आहे, डोळे मिटलेला, कारण फोटोवाल्यानं घाई केली. आवाज मात्र सत्यमकडे आहे. म्हणून सत्यमचं पिक्चर म्हटलं की रामकिशन टीका ऐकून घेत नसे. दुसऱ्या पिक्चरला नांदेडात अकरा माणसं होती, त्यातला तो एक, आणि तो दोनदा गेला होता.

तर त्या सत्यमचा फोन आला. “रामकिशनभाऊ, ‘महावणवा’ या शुक्रवारी लागून राहिला. लई मोठं काम झालंय औंदा. रविवारी नांदेडहून कंधारला येतो. मायच्या ओट्यावर चहा प्यायचाय.”

चहा प्यायचाय एवढंच तो म्हणाला होता. रामकिशननं ते गुरुपादप्पांना सांगितलं ही पहिली चूक. गुरुपादप्पा हे गावातल्या झाडून साऱ्या सत्कार समित्यांचे कायमचे अध्यक्ष. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि माईक दिसला की आपोआप साफ होणारा घसा. ते म्हणाले, “चहा ओट्यावर होत असतो का? सभागृह घ्या. सन्मानपत्र लिहा. अध्यक्ष बघता येईल कुणीतरी.” आणि खिशातून टोपी काढून घातली.

सभागृहाच्या कारकुनानं छापील अर्ज पुढे केला. त्यात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात दोनच चौकोन होते. एक लग्नकार्य, दुसरा शोकसभा व इतर. सत्कार कुठं बसतो यावर तासभर चर्चा झाली. कारकून म्हणाला, “लग्न लिहिलं तर नवरा-नवरीचे जन्मदाखले जोडावे लागतील.” शेवटी दुसऱ्या चौकोनात खूण झाली. रामकिशननं शेजारी बारीक अक्षरात ‘पैकी इतर’ असं लिहिलं. स्वतः कारकून असल्यानं असलं बारीक अक्षर कुणी वाचत नाही हे त्याला माहीत होतं, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

त्याच संध्याकाळी तो सन्मानपत्र लिहायला बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शब्द तोलले नाहीत. वाहत्या पाण्यात दिवा सोडावा तशी एकेक ओळ सोडत गेला. अठरा ओळी झाल्या. त्यातली आठवी ओळ अशी: ‘महावणवा पाहताना तीन तास कसे सरले हे कुणालाच कळत नाही.’

त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, भाजी निवडता निवडता विचारलं, “आवं, बघितलं का तुम्ही ते पिक्चर?”

“लागायचंय अजून. पण सत्यमचं हाय.”

“बघून लिहायचं असतंय ना तुमचं?”

“तुझी भाकर हाय म्हटल्यावर मी चाखून बघतो का?”

“बघत जा,” गुणाबाई म्हणाली. “परवा मीठ न्हवतं. तुम्ही तशीच खाल्ली.”

सन्मानपत्र नांदेडला जाऊन सोनेरी अक्षरात छापून आलं. ते गल्लीतल्या नासिरकडे गेलं. नासिरचं फ्रेमचं दुकान आहे आणि त्याच्या हाताला दम नाही, म्हणजे काम आलं की तो सांगितल्याच्या पुढं जातो. त्यानं आधी त्याला लॅमिनेशन केलं, मग काच लावली, मागून पुठ्ठा ठोकला आणि कडेनं टेप मारली. “भाऊ,” तो म्हणाला, “आता हे तळ्यात पडलं तरी अक्षर पुसायचं न्हाई.”

रामकिशनला त्या वेळी हे ऐकून बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी लातूरहून सृष्टीचा फोन आला. ती तिथं कॉलेजला आहे आणि बापाच्या आधी पिक्चर पाहण्याचा तिला मोठा अभिमान.

“बाबा, तुम्ही उद्या जाऊन राहिलात ना? एक काम करा. चष्मा घरी ठेवून जा.”

“का गं? काय झालं?”

“काही न्हाई. हीरो घोड्यावर बसतो. मध्यांतरापर्यंत उतरत न्हाई.”

“पुढं उतरत असंल.”

“उतरतो. घोडा मरतो म्हणून.”

रामकिशननं फोन ठेवला. आजकालच्या पोरांना संथ पिक्चर कळत नाही, असं तो गुणाबाईला म्हणाला. मग त्याला आठवलं, की ‘चिमणी’ला सृष्टी पाच वर्षांची होती आणि मांडीवर बसून शेवटपर्यंत हलली नव्हती.

शनिवारी अख्खी गल्ली एका क्रूझरमध्ये बसून निघाली. पुढं गुरुपादप्पा, मधे गुणाबाई आणि नासिरची आई बेगमबी, मागं नासिर आणि रामकिशन गुडघ्याला गुडघा लावून. बेगमबीनं पिक्चर म्हणून आयुष्यात ‘चिमणी’ तेवढं पाहिलेलं, तेही रामकिशनची माय तिची जिवाची मैतरीण म्हणून. वाटेत लोह्याला चहा झाला. सगळे खुशीत होते. गुरुपादप्पांनी आपलं अध्यक्षीय भाषण गाडीतच एकदा म्हणून घेतलं.

‘महावणवा’मध्ये आग होती. आग संपली की धूळ होती, धूळ बसली की ढोल होते, आणि ढोल थांबले की हीरो हळूहळू मान वळवत होता. त्याची मान वळेपर्यंत नासिर बाहेर जाऊन समोसे घेऊन आला आणि मान अजून वळतच होती. हीरो म्हणाला, “ही माती माझी आहे.” खलनायक म्हणाला, “ही माती माझी आहे.” त्यानंतर दोघांनी मिळून ती माती पाऊण तास हवेत उडवली. बेगमबी पहिल्या ढोलालाच झोपली होती. प्रत्येक स्फोटाला दचकून जागी व्हायची, गुणाबाईला विचारायची, “चिमणी आली का?” आणि गुणाबाई “न्हाई अजून” म्हणाली की पुन्हा झोपायची.

रामकिशन झोपला नाही. जत्रेत हरवलेलं आपलं माणूस शोधावं तसा तो पडद्यावर सत्यमला शोधत होता. ढोलात शोधला, धुरात शोधला. शेवटाकडे गाव जळून गेल्यावर एका काळ्या पडलेल्या दारात एक म्हातारी येते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, कॅमेऱ्याचंसुद्धा नाही. ती पाण्यानं भरलेल्या घागरीवर ताटली झाकते, वरून राख पडू नये म्हणून. तेवढंच. रामकिशन खुर्चीत पुढं सरकला. पण तोवर ढोल पुन्हा सुरू झाले होते.

परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत होते. चहा समोर आल्यावर गुरुपादप्पा म्हणाले, “खुर्च्या चांगल्या होत्या.”

“हाव,” नासिर म्हणाला. “एसी बी गार होतं.”

“माझी झोप झाली,” बेगमबी म्हणाली.

रामकिशनच्या डोळ्यांपुढं आठवी ओळ सोनेरी अक्षरात उभी होती. उद्या दहा वाजता ती माईकवरून वाचायची होती. तीही सत्यमच्या तोंडावर, ज्याला ओवी कुणाला लागू होते हे न सांगता कळतं. खोटं वाचलं तर त्याला त्याच क्षणी कळणार. खरं बोलावं, तर ज्यानं मायचा आवाज सांभाळला त्याला गावासमोर खाली बघायला लावायचं. रामकिशनला चहा गोड लागेना.

“मी आजारी पडतो,” तो म्हणाला.

“पडा,” गुणाबाई म्हणाली. “मग ते फ्रेम घेऊन भेटायला घरी येतील आणि तुमच्यापुढंच वाचतील.”

गुरुपादप्पांना हा पेच कळतच नव्हता. “अहो, सन्मानपत्रात खरं असाया ते काय पंचनामा हाय? आजवर मी चारशे सत्कार केले. एक बी माणूस तसा न्हवता.”

कंधारला उतरल्या उतरल्या रामकिशननं नांदेडच्या छापखान्याला फोन लावला. छापखानेवाला साडूच्या लग्नाला हिमायतनगरला गेलेला. मागं बँडचा आवाज येत होता. “सोमवारी या, दुसरं छापून देतो,” तो ओरडून म्हणाला. त्याही आवाजात ढोल होते.

मग सगळे नासिरच्या दुकानात जमले. फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली. लॅमिनेशन नखानं निघेना, पात्यानं निघेना. अक्षरावर खडू चालेना. आपलं काम इतकं पक्कं झालंय याचा नासिरला आनंदही झाला आणि तो लपवताही येईना. शेवटी त्यानं कपाटातून निळ्या मखमली कागदाचा एक पुठ्ठा काढला.

“भाऊ, माउंट घालू,” तो म्हणाला. फोटो आणि फ्रेम यांच्या मधे कडेनं जी रुंद पट्टी दिसते, ती माउंट. “लग्नाच्या फोटोत नको असलेला पाहुणा काठाला आला की मी माउंट रुंद करतो. पाहुणा जातो, फोटो ऱ्हातो. जे खोटं ते झाकू. खरं तेवढं खिडकीत ठेवू.”

रामकिशननं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मायनंच सूप हातात दिलंय.

मग अठरा ओळींचं पाखडणं सुरू झालं. रामकिशन ओळ वाचे, बाकीचे निकाल देत.

“‘आपल्या ज्वलंत कलाकृतीने रसिकांना जागे केले.’”

सगळ्यांनी बेगमबीकडे पाहिलं. “मला केलं,” ती म्हणाली. “सा-सात येळा केलं.” ओळ ठेवावी की झाकावी यावर मतं घेतली. झाकली.

“‘मराठवाड्याच्या मातीचा गंध आपण पडद्यावर आणला.’”

“माती होती की,” गुरुपादप्पा म्हणाले.

“अप्पा, गंध कुठं होता?” नासिर म्हणाला. “नाकात गेली नुसती.”

झाकली. आठवी ओळ तर न वाचताच झाकली. पेन्सिलची रेघ वर वर सरकत गेली. पुठ्ठा कापताना नासिर दर वेळी विचारी, “अजून?” आणि रामकिशन मान हलवी. शेवटी हातभर रुंद आणि दोन हात उंच फ्रेममध्ये निळ्या मखमलीचं पटांगण झालं आणि त्याच्या वरच्या बाजूला पोस्टकार्डापेक्षा लहान एक खिडकी उरली. तिच्यात सत्यमचं नाव आणि त्याखाली एकच वाक्य.

“दिसायला बरं दिसतंय,” गुणाबाई म्हणाली. “तळ्यात एकच होडी असल्यावानी.”

रविवारी सभागृह उघडलं तर समोर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, उदबत्त्या लावलेल्या, आणि मधोमध फोटो ठेवायला एक स्टूल. ‘पैकी इतर’ कुणी वाचलं नव्हतं. पहारेकरी हात जोडून गुरुपादप्पांना म्हणाला, “वय काय होतं हो?” गुणाबाईनं दोन बायकांना घेऊन चादरी गुंडाळल्या, उदबत्त्या राहू दिल्या. स्टूल काढायला सवड झाली नाही, कारण दारात गाडी थांबली होती.

सत्यम जाडा झाला होता. काळा चष्मा, भारी सदरा, सोबत फोनवर बोलणारा एक माणूस. पण चालताना त्यानं पायताण दाराबाहेर काढलं, ते पूर्वीसारखंच. रामकिशनला मिठी मारून तो कानात म्हणाला, “पिक्चर बघितलं का भाऊ?”

“काल बघितलं. सगळे गेलो होतो.”

“मग?”

“खुर्च्या लई चांगल्या हायत तिथं,” रामकिशन म्हणाला, आणि मायच्या लेकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाल झाली, नारळ झाला. अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले, त्यात पिक्चरचा विषय निघाला नाही. मग सन्मानपत्र. रामकिशनची सन्मानपत्रं लांब असतात हे गावाला माहीत, म्हणून लोक नीट टेकून बसले. तो फ्रेम धरून माईकपाशी आला आणि खिडकीतलं वाचलं:

“‘श्री. सत्यम हाळीकर. आमच्या मायचा आवाज आपण जपून ठेवलात, त्यामुळे आमचे घर आजही भरलेले आहे.’”

लोक पुढच्या ओळीची वाट पाहत राहिले. पंखा फिरत होता. रामकिशननं फ्रेम खाली केली. मग मागून बेगमबीनं टाळ्या वाजवल्या. इतकं लहान सन्मानपत्र तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ती जागी होती.

सत्यमनं फ्रेम हातात घेतली. ती निळी मखमल, ती एवढीशी खिडकी. तो पाहतच राहिला. त्यानं काळा चष्मा काढला. मग माईकवर न बोलता फ्रेम नेऊन त्या स्टुलावर ठेवली आणि नमस्कार केला. आता हा नमस्कार कुणाला, ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं.

चहा शेवटी मायच्या ओट्यावरच झाला. सोबतचा माणूस गाडीत फोनवर होता. सत्यम भिंतीला पाठ लावून बसला, फ्रेम मांडीवर. बराच वेळ तो बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिला.

“भाऊ,” तो म्हणाला, “या माउंटखाली काय हाय?”

रामकिशनला खोटं सुचत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. “आठ दिवसांमागं मला जे खरं वाटत होतं, ते.”

“किती ओळी?”

“सतरा.”

सत्यम हसला नाही. मान हलवली. “मला बी वाटत होतं,” तो म्हणाला. “पैसेवाले म्हणाले आग पायजे. मी म्हणलं हाव. मग ढोल. मग घोडा.” तो थांबला. “एक बी ओळ लागू न्हाई का हो?”

“एक छापायची राहिली,” रामकिशन म्हणाला. “ती म्हातारी घागर झाकती. तिथं तुम्ही दिसलात.”

सत्यमनं बशी खाली ठेवली. “चार सेकंद होते,” तो म्हणाला. “काढून टाक म्हणून रोज भांडण होत होतं. तेवढं मी ठेवलं.”

ओट्यासमोर हौद कधीचा कोरडा आहे, पण गुणाबाई त्याच्या काठावर मातीचं भांडं भरून ठेवते. एक चिमणी आली, पाणी प्याली, उडून गेली. भांड्यात पाणी होतं. दोघांनीही ते पाहिलं.

निघताना सत्यमनं नासिरला हाक मारली. नासिर धावत आला, हातात माउंटचा उरलेला तुकडा. त्याला वाटलं खिडकी वाकडी कापली की काय.

“नासिरभाई, हे उघडता येतं ना? मागून?”

“येतं की. टेप पक्की हाय, पण येतं.”

“मग पुढचं पिक्चर झालं की मी हे घेऊन येतो,” सत्यम म्हणाला. “भाऊ बघतील. जितकं वाटंल तितकी खिडकी मोठी करून द्या. एखादी ओळ. जास्त नको.”

नासिरनं खिशातली पेन्सिल काढली आणि फ्रेमच्या मागं पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं, ‘पुढचे काम बाकी.’ मग त्याला वाटलं, टेप फारच पक्की आहे. त्यानं तिचं एक टोक नखानं जरासं सोडवून ठेवलं.